'अमजद खान' नावाचे खासदार

जुलै २०२१ मध्ये विधानसभेच्या पावसाळी अधिवेशनात नाना पटोले यांनी एक गोष्ट सांगितली. आपण खासदार असताना पोलिसांनी आपला फोन टॅप केला, पण टॅपिंगच्या कागदांवर पटोले हे नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं 'अमजद खान', आणि कारण दाखवलं होतं अमली पदार्थांच्या व्यवहाराचं. अर्ज तयार करणाऱ्याला ऐन वेळी गब्बरसिंग आठवला की काय, कोण जाणे. चौकशी सुरू झाल्यावर अशी आणखी नावं निघाली. अमरावती जिल्ह्यातले तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांचा नंबर म्हणे 'निजामुद्दीन बाबू शेख' या नावाखाली ऐकला जात होता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्याच्या बंडगार्डन पोलीस ठाण्यात आयपीएस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला. ज्या काळातलं हे टॅपिंग, त्या काळात त्या पुण्याच्या पोलीस आयुक्त होत्या. पुढच्याच महिन्यात मुंबईत कुलाबा पोलीस ठाण्यात दुसरा गुन्हा नोंदवला गेला. तो त्या राज्य गुप्तवार्ता विभागाच्या प्रमुख असतानाच्या काळातला. भांडुपला राहणारे संजय राऊत आणि मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे यांचे फोन वेगळीच नावं लावून, समाजविघातक व्यक्तींचे म्हणून ऐकले गेले, असा त्यातला आरोप.

पुढचा भाग इथल्या राजकारणाची चाल ओळखणाऱ्याला न सांगताही कळेल. जून २०२२ मध्ये महाविकास आघाडीचं सरकार गेलं. पुण्याच्या गुन्ह्यात पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला, कुलाब्याच्या गुन्ह्यात खटला चालवायला सरकारने मंजुरी नाकारली, आणि ८ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. जानेवारी २०२४ मध्ये शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. त्या दोषी होत्या की निर्दोष, हे पुरावा तपासून, साक्षीदारांची उलटतपासणी घेऊन ठरवण्याची वेळच आली नाही. एका सरकारने फाइल उघडली, दुसऱ्याने मिटली. बोलणाऱ्यांना आपलं बोलणं कुणी ऐकतंय याचा पत्ता तेव्हाही नव्हता, आणि टॅपिंगच्या वेळचं सरकार गेलं नसतं तर पुढेही लागला नसता. महाराष्ट्रात फोन टॅपिंगची जेवढी प्रकरणं बाहेर आली, ती पाहिली तर हाच धागा पुन्हा पुन्हा हाती येतो. ऐकायला कायद्याची परवानगी आहे, ऐकण्यावर तपासणीही आहे. पण ज्याचं बोलणं ऐकलं त्याला सांगण्याची तरतूद कुठेच नाही.

उपनगरांत दुसऱ्याचं बोलणं कानावर पडणं टळत नाही. बोरिवलीहून सुटलेल्या फास्ट गाडीत चौथ्या सीटवर टेकलेला माणूस मेहुण्याला कर्जाचे हप्ते समजावत असतो आणि अंधेरी येईपर्यंत समोरच्या तिघांना त्याच्या व्याजाचा दर पाठ झालेला असतो. घाटकोपरच्या चाळींत मधल्या पार्टिशनपलीकडच्या सासू-सुनेचं काय बिनसलंय हे विचारावं लागत नसे. त्याच चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये दारं बंद असतात, पण बाथरूमच्या डक्टमधून वरच्या मजल्यावरचं भांडण शब्दन् शब्द खाली उतरतं. एमटीएनएलच्या काळ्या फोनच्या दिवसांत क्रॉस कनेक्शन लागलं की मुलुंडच्या घरातलं लग्नाचं बोलणं सायनच्या कुणी परक्याने ऐकावं आणि मध्येच हुंड्यावरून सल्लाही द्यावा, असं घडायचं. यात चोरी कुणाचीच नव्हती. असं ऐकलेलं बोलणं फार तर कट्ट्यावर सांगितलं जाई; त्याची नोंद होत नसे, कुणाच्या फाइलला ते जोडलं जात नसे.

नोंद व्हायला लागली ती टेप रेकॉर्डर आला तेव्हा. आणि या बाबतीत देशाचा कायदा घडला तो बहुतांशी मुंबईच्या खटल्यांतून.

१९६० सालची गोष्ट. महापालिकेच्या एका कारकुनाला लाच द्यायला एक गृहस्थ त्याच्या घरी आले. कारकुनाने आधीच पोलिसांना कळवलं होतं. बाहेरच्या खोलीत पुस्तकांमागे माइक लपवला होता, आतल्या खोलीत पोलीस अधिकारी आणि एक रेडिओ मेकॅनिक टेप रेकॉर्डर घेऊन दबा धरून बसले होते. बाहेर दोघांखेरीज तिसरं माणूस नाही, त्यामुळे पैसे दिले-घेतल्याचा डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नाही. जे काही आहे ते फितीवर. युसुफअली इस्माईल नागरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६७ मध्ये न्यायालयाने ती फीत पुरावा म्हणून मानली. घटनेचा फोटो चालतो तर घटनेचा आवाज का नको, असा तो तर्क. सोबत एक सावधगिरीही होती: फीत पुसता येते, तिच्यात फेरफार करता येतो, म्हणून ती कधी, कुठे, कशी केली हे नीट सिद्ध व्हायला हवं. आज लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे लोक सापळ्याआधी 'पडताळणी' करतात, म्हणजे तक्रारदाराच्या खिशात व्हॉइस रेकॉर्डर ठेवून लाचेची मागणी आधी नोंदवून घेतात. त्या पद्धतीची मुळं त्या पुस्तकांमागच्या माइकपर्यंत जातात.

दुसरा खटला अधिक गाजला. तेव्हा मुंबईत कोरोनर हे पद होतं. संशयास्पद मृत्यूची चौकशी त्याच्याकडे असे. मे १९६४ मध्ये शस्त्रक्रियेनंतर एक रुग्ण दगावला आणि कोरोनर डॉ. मलकानी यांनी संबंधित डॉक्टरांकडे अनुकूल अहवालासाठी आधी वीस हजार, मग पंधरा, शेवटी दहा हजार रुपये मागितले, असा आरोप झाला. मध्यस्थ डॉक्टरने पोलिसांत धाव घेतली. पोलिसांनी त्याच्या घरच्या फोनला यंत्र जोडलं आणि कोरोनरचं बोलणं टेप केलं. यात तार कायदा मोडला, खासगीपणावर घाला आला, असं मलकानींचं म्हणणं. सप्टेंबर १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. फोनवर बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती असताना झालेलं हे रेकॉर्डिंग बेकायदा नाही, असं न्यायालयाने ठरवलं. निरपराध नागरिकाच्या बोलण्याला न्यायालय संरक्षण देईल, अपराध्याला नाही, असंही म्हटलं. वाचताना हे रास्त वाटतं. पण नागरिक अपराधी आहे की निरपराध हे त्याचं बोलणं ऐकून झाल्यावरच कळतं, ही अडचण त्या निकालाने तशीच सोडली. त्याच वर्षी जूनमध्ये वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत माइक लपवायला शिरलेली माणसं पकडली गेली होती. तिथे त्यापायी दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्षाला पायउतार व्हावं लागलं. आपल्याकडे ऑगस्ट १९८८ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी फोन टॅपिंगच्या आरोपावरून राजीनामा दिला. महाराष्ट्रात या कारणाने अजून कुणाची खुर्ची गेलेली नाही.

सरकारने ऐकायचं कोणत्या आधारावर, याचं उत्तर १८८५ च्या इंडियन टेलिग्राफ अ‍ॅक्टच्या कलम ५(२) मध्ये होतं: सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी एक तरी असायला हवी. तारेच्या संदेशांसाठी इंग्रजांनी केलेला हा कायदा मोबाइलच्या जमान्यापर्यंत ओढला गेला. नियम मात्र कुणी केलेच नव्हते. मार्च १९९१ मध्ये 'मेनस्ट्रीम' साप्ताहिकात राजकारण्यांच्या फोन टॅपिंगबद्दलचा सीबीआयचा अहवाल छापून आला. त्यावरून पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने सरकारचं काम स्वतः करून टाकलं. आदेश गृहसचिवाने द्यावा, तो दोन महिने चालेल, वाढवला तरी सहा महिन्यांच्या वर नाही, आणि त्यावर एका समितीची नजर असावी. हीच चौकट पुढे टेलिग्राफ नियम ४१९अ मध्ये आली.

पोलिसांकडून प्रस्ताव जातो तेव्हा त्यात नंबर, नाव, कारण लिहिलेलं असतं. राज्यात त्यावर सही करायची ती गृह विभागाच्या सचिवाने. फारच तातडी असेल तर पोलिसांतला वरिष्ठ अधिकारी सुरुवात करू शकतो, पण काही दिवसांत गृहसचिवाची मोहोर लागते. सही झाली की कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पत्र जातं आणि त्या नंबरावरचं बोलणं समांतर जोडणीने पोलिसांच्या यंत्रणेतही ऐकू येऊ लागतं. तिथे हेडफोन लावून बसलेला बहुधा हवालदार असतो. तासन् तास तो भाजीचे भाव, मुलांचे मार्क, देवदर्शनाचे बेत ऐकतो आणि त्यातून कामाचं वाक्य टिपतो. सगळ्यावर नजर ठेवणारी समिती राज्यात मुख्य सचिव, विधी खात्याचे सचिव आणि गृह सोडून आणखी एक सचिव अशा तिघांची. ती दोन महिन्यांतून एकदा बसते. केंद्राच्या गृह मंत्रालयाने २०१३ मध्ये माहिती अधिकाराखाली दिलेल्या उत्तरात दर महिन्याला सरासरी साडेसात ते नऊ हजार टॅपिंग आदेश निघतात असं म्हटलं होतं. तो आकडा केंद्राचा. तरी दोन महिन्यांतून एका बैठकीत अशा फाइलींकडे किती बारकाईने पाहता येत असेल, हा हिशेब कुणीही करावा. 'अमजद खान' हे नाव नेमक्या कुणाच्या नंबरापुढे आहे, हा प्रश्न विचारायला इथे कुणी नसतं.

तरी टॅपिंग म्हटलं की नुसता संताप करणं या शहराला परवडणारं नाही. १२ ऑगस्ट १९९७ ला गुलशन कुमार यांना अंधेरीत देवळाबाहेर गोळ्या घातल्या गेल्या. त्या वर्षांत जुहू-वर्सोव्याचे निर्माते आणि उपनगरांतले बिल्डर परदेशातून येणाऱ्या खंडणीच्या फोनला टरकून असत. १९९९ चा मकोका हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा त्या भीतीतून आला. त्यात टॅपिंगसाठी वेगळी कलमं घातली: परवानगी साठ दिवसांची, आणि बेकायदा ऐकणाऱ्याला शिक्षा. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ती कलमं रद्द केली, कारण दळणवळण हा विषय संसदेचा. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २००८ रोजी ती परत कायम केली.

तोवर टेपांनी एक गाजलेला खटला घडवला होता. निर्माते आणि हिऱ्यांचे व्यापारी भरत शाह यांना जानेवारी २००१ मध्ये 'चोरी चोरी चुपके चुपके'च्या पैशावरून अटक झाली. छोटा शकीलशी झालेली फोनवरची बोलणी हा त्यातला मुख्य पुरावा. शेवटी मोठ्या आरोपांतून ते सुटले. पोलिसांपासून माहिती दडवल्याचा दोष तेवढा राहिला. फोनवर कुणाशी गोड बोलणं आणि त्याच्या कटात सामील असणं यांत अंतर आहे, हे या शहरातल्या न्यायाधीशांना पुन्हा पुन्हा ठरवावं लागलं आहे. ज्येष्ठ पत्रकार ज्योतिर्मय डे ११ जून २०११ रोजी घाटकोपरहून पवईच्या घरी परतत असताना मारले गेले. त्या खटल्यात पत्रकार जिग्ना व्होरा यांच्याविरुद्ध मुख्य भिस्त होती ती छोटा राजनच्या फोनवरच्या बोलण्यावर. व्होरांनी तुरुंगात नऊ महिने काढले. २०१८ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. राजनला जन्मठेप झाली.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र मात्र वेगळी. हल्ला चालू असतानाच दहशतवादविरोधी पथकाला अतिरेक्यांचे मोबाइल नंबर हाती लागले आणि ताज, ओबेरॉय, नरिमन हाउसमधली माणसं पाकिस्तानातल्या म्होरक्यांशी काय बोलतायत ते ऐकू येऊ लागलं. फोन इंटरनेटवरून फिरवून आणलेले होते, तरी आवाज स्वच्छ होते. पलीकडे सूचना देणाऱ्या आवाजांपैकी एक जण बोलता बोलता 'प्रशासन' म्हणून गेला. पाकिस्तानी पंजाबातल्या माणसाच्या तोंडी 'इंतजामिया' येईल, 'प्रशासन' येणार नाही. ऐकणाऱ्यांचे कान तिथे टवकारले. तो आवाज बीड जिल्ह्यातल्या गेवराईत वाढलेल्या झबीउद्दीन अन्सारीचा, असं पुढे तपासात निघालं. ऑगस्ट २०१२ मध्ये कसाबचं अपील फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने या संभाषणांचे उतारेच्या उतारे निकालपत्रात दिले. त्यांतून आणखी एक गोष्ट उघडी पडली: पलीकडचे लोक आपल्या वाहिन्यांवरचं थेट प्रक्षेपण बघत होते आणि कमांडो कुठे उतरतायत ते आत कळवत होते. न्यायालयाने वाहिन्यांना त्यावरून कडक शब्दांत सुनावलं. टॅपिंग झालं नसतं तर या दोन्ही गोष्टी बहुधा अंधारातच राहिल्या असत्या.

त्या रात्री सार्वजनिक सुरक्षितता म्हणजे काय याबद्दल कुणाला शंका नव्हती. वाद होतो तो नेहमीच्या दिवशीच्या टॅपिंगचा. २००९-१० मध्ये मुंबईतल्या एका व्यावसायिकाचा फोन बँक अधिकाऱ्याला दहा लाखांची लाच दिल्याच्या संशयावरून तीन आदेश काढून ऐकला गेला. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रणजित मोरे आणि न्यायमूर्ती एन. जे. जामदार यांनी २२ ऑक्टोबर २०१९ रोजी तिन्ही आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. लाच वाईटच, पण त्यात लोकांच्या सुरक्षिततेला कसला धोका, असा न्यायालयाचा सवाल होता. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा मूलभूत हक्क ठरला होता, त्याचा हा महाराष्ट्रातला ठोस परिणाम म्हणता येईल. १९७२ च्या निकालापासून इथवर यायला सत्तेचाळीस वर्षं लागली. तरी प्रश्न मिटलेला नाही. २०२५ च्या जूनअखेरीस दिल्ली उच्च न्यायालयाने मोठ्या रकमेचा भ्रष्टाचार सार्वजनिक सुरक्षिततेत बसतो असं म्हटलं, तर आठवड्याभरात, २ जुलैला, मद्रास उच्च न्यायालयाने लाचेच्याच प्रकरणातलं टॅपिंग बेकायदा ठरवलं.

सरकारला निदान सहीचा कागद लागतो. खासगी ऐकणाऱ्यांचं काय? २०२२ च्या जुलैत सीबीआयने वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या कर्मचाऱ्यांचे फोन २००९ ते २०१७ या काळात त्यांना न सांगता रेकॉर्ड केल्याचा गुन्हा नोंदवला. काम केलेली कंपनी होती आयसेक सर्व्हिसेस, आणि ती २००१ मध्ये स्थापन करणारे होते संजय पांडे. जून २०२२ च्या अखेरीपर्यंत ते मुंबईचे पोलीस आयुक्त होते. गंमत अशी की पटोलेंच्या आरोपांची चौकशी करायला २०२१ मध्ये सरकारने जी समिती नेमली, तिचे अध्यक्षही पांडेच. आरोप त्यांनी नाकारले. २००६ मध्येच कंपनीचं संचालकपद सोडल्याचं त्यांचं म्हणणं होतं. ईडीने त्यांना अटक केली. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जामीन दिला, पण आदेशात हेही नोंदवलं की संमतीशिवाय फोन रेकॉर्ड करणं हा खासगीपणाचा भंग आहे. शेअरबाजाराच्या धंद्यात रेकॉर्डिंग मुळात वावगं नाही. ग्राहकाने फोनवर दिलेल्या ऑर्डरचा पुरावा ब्रोकरने ठेवावा असं सेबीच सांगते. फरक एवढाच की ब्रोकरला फोन करणाऱ्याला पहिल्याच वाक्यात ते कळतं.

त्याच्या खालच्या पायरीवर आहे कॉलच्या नोंदींचा बाजार. कोण कुणाशी किती वेळ, कोणत्या टॉवरवरून बोललं, याचा तक्ता म्हणजे सीडीआर. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे गुन्हे शाखेने असे तक्ते बेकायदा मिळवून विकणारी टोळी पकडली. त्यात खासगी गुप्तहेर होते, आणि गिऱ्हाइकं म्हणून नाव आलं ते जोडीदारावर संशय असलेल्या नवऱ्या-बायकांचं. मुलगा खरंच अंधेरीच्या आयटी कंपनीत आहे का, त्याचं बाहेर काही आहे का, असल्या लग्नाआधीच्या चौकशीवर उपनगरांतल्या कितीतरी एजन्सी चालतात. चौकशीला कायद्याची आडकाठी नाही. फोनच्या नोंदींना आहे. आणि बोलणं ऐकावंही लागत नाही. रात्री साडेअकराला रोज चाळीस मिनिटं एकाच नंबरावर, एवढं कळलं की संशयी माणूस उरलेलं स्वतः रचतो.

घरातल्या ऐकण्याचा प्रश्न तर आता सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. पंजाबातल्या एका घटस्फोटाच्या दाव्यात नवऱ्याने बायकोचं फोनवरचं बोलणं तिच्या नकळत टेप केलं होतं. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने तो पुरावा नाकारला. १४ जुलै २०२५ रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने तो निर्णय फिरवला. नवरा-बायको एकमेकांवर हेरगिरी करण्याच्या थराला आले असतील तर तो लग्न मोडल्याचाच पुरावा आहे, रेकॉर्डिंगने ते मोडत नाही, असा त्यामागचा विचार. व्यवहाराला धरून आहे. मात्र वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात पोटगीसाठी उभ्या राहणाऱ्या बाईकडे बहुधा नवऱ्याइतका महागडा फोन नसतो, ना घरात कॅमेरा बसवण्याची सत्ता. पुराव्याची वाट सगळ्यांना सारखी खुली झाली तरी रेकॉर्डिंगचं साधन सारखं वाटलेलं नाही.

शिवाय क्लिप दाखवली आणि काम झालं, असंही नाही. रेकॉर्डिंगसोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागतं, आणि ते सक्तीचं आहे हे ठरलं जालन्याच्या निवडणूक वादातून, जुलै २०२० च्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात. आवाज माझा नाहीच, असं समोरच्याने म्हटलं तर न्यायाधीश आवाजाचा नमुना द्यायला लावू शकतात; ऑगस्ट २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाने तशी मुभा दिली आहे. मग नमुना आणि क्लिप सांताक्रूझला कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात आणि अहवालाची वाट बघणं सुरू होतं.

मोबाइल कंपन्यांनी या घरगुती हेरगिरीला थोडा चाप लावला. २०२२ च्या मेपासून गूगलने परस्पर कॉल रेकॉर्ड करणाऱ्या अ‍ॅपना आपल्या दुकानातून हटवलं. त्यांच्या स्वतःच्या फोन अ‍ॅपमध्ये रेकॉर्डिंग सुरू केलं की दोन्हीकडे घोषणा होते. अ‍ॅपलने २०२४ च्या ऑक्टोबरात ही सोय दिली तीही घोषणेसह. पाकीट किंवा पेनाच्या आकाराचे रेकॉर्डर मात्र लॅमिंग्टन रोडला कुणालाही मिळतात, त्यांना घोषणा करता येत नाही.

'आम्ही प्रेशर कुकरबद्दल बोललो आणि लगेच कुकरची जाहिरात आली' ही कथा उपनगरातल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाने २०१८ मध्ये सतरा हजारांवर अँड्रॉइड अ‍ॅप तपासली. गुपचूप माइक चालू करणारं एकही सापडलं नाही. काही अ‍ॅप स्क्रीनचं चित्रण बाहेर पाठवताना मात्र सापडली. जाहिरात कंपन्यांना बोलणं ऐकायची गरज पडत नाही, आपण काय शोधलं आणि कुठे फिरलो एवढं त्यांना पुरतं. पोलीस सीडीआरवरून जे काढतात, तेच हे.

टॅपिंगपुरता जुना तार कायदा आता मागे पडला. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात बेकायदा टॅपिंगला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड आहे, आणि ६ डिसेंबर २०२४ रोजी टॅपिंगचे नवे नियम आले. ते वाचले तर ४१९अ चाच नवा अवतार वाटतात: आदेश सचिवाचा, तपासणी सचिवांची, न्यायाधीश कुठेच नाही. अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासासाठीचं टॅपिंग न्यायाधीशाच्या परवानगीने होतं आणि ते संपल्यावर साधारण नव्वद दिवसांत त्या माणसाला लेखी कळवावं लागतं. न्यायाधीश ही मुदत वाढवू शकतो, पण कळवणं कायमचं टळत नाही. शिवाय किती आदेश निघाले याचा अहवाल दर वर्षी छापून येतो. तिथेही गुप्तचर संस्थांची ऐकण्याची वेगळी दारं आहेत आणि त्यावरून वाद आहेत, पण हवालदाराच्या पातळीवरचं ऐकणं तिथे निदान पावतीवर होतं.

आपल्याकडे एका वकिलाने आपला फोन टॅप होतोय का, हे माहिती अधिकारात विचारून पाहिलं. केंद्रीय माहिती आयोगाने ट्राय या दूरसंचार नियामकाला मोबाइल कंपनीकडून माहिती मिळवून द्यायला सांगितलं, दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठानेही ते मान्य केलं. ट्राय अपिलात गेली. खंडपीठाने आधीचे दोन्ही आदेश रद्द केले: टॅपिंगची माहिती राष्ट्रहित आणि तपास यांच्याशी जोडलेली असल्याने ती देण्यातून सूट आहे, असं त्यांचं मत पडलं.